स्पर्धेला ५६ दिवस: नागपुरातून जिऊ-जित्सू खेळायला जाणाऱ्यांसाठी तयारीचा क्रम

दर वेळी तेच होते. नोंदणीचे पैसे भरले की पोरे आधी नवे डाव शिकायला लागतात. शेवटच्या आठवड्यात मरेस्तोवर रोल (सरावाच्या लढती) करतात. वजनाची आठवण दहा दिवस उरल्यावर येते आणि नियम वाचले जातात ते गाडीत बसल्यावर, तेही मोबाईलला रेंज असली तर. यातली एकही गोष्ट चुकीची नाही, पण सगळ्यांचा क्रम उलटा आहे.

हा लेख ब्लू बेल्ट आणि त्यापुढच्यांसाठी आहे. दोन वर्षे नियमित मॅटवर असलेल्या व्हाइट बेल्टलाही चालेल. डाव कसा मारायचा हे इथे सांगितलेले नाही, ते तुमच्या सरांचे काम.

## टप्पा १: तिकीट आणि नियमपुस्तक, एकाच दिवशी

नागपूरकराला बहुतेक मोठ्या स्पर्धांसाठी मुंबई, पुणे, दिल्ली किंवा बंगळुरू गाठावे लागते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि आपली तयारी आठ आठवड्यांची, म्हणून तिकीट काढाल त्याच संध्याकाळी नियमही वाचा. परत येण्याचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नका. सामने लांबले की पोरे पदकाची फेरी सोडून स्टेशनकडे पळताना मी पाहिली आहेत.

नियम वाचायचे म्हणजे कोणते? ‘जिऊ-जित्सूची स्पर्धा’ या एका नावाखाली निदान तीन वेगळे खेळ चालतात. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धर्तीवरची गी (जाड जाकीट-पँटचा पोशाख) स्पर्धा हा एक. आशियाई स्पर्धांमध्ये २०१८ पासून दिसणारा जेजेआयएफ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा ने-वाझा (जमिनीवरची लढत) हा दुसरा, त्याचे वजनगट वेगळे: पुरुषांत ६२, ६९, ७७, ८५ किलो वगैरे. तिसरा एडीसीसी या स्पर्धेच्या पद्धतीचा नो-गी (गीशिवाय), ज्यात सुरुवातीच्या वेळात गुणच नसतात. पुढचे सगळे मी आयबीजेजेएफचे नियम धरून लिहितो. तुमच्या आयोजकांनी त्यात काही बदल केले असतील तर त्यांचे पत्रक शेवटचा शब्द.

गुणांची यादी सगळ्यांना पाठ असते: टेकडाउन (उभ्याने पाडणे), स्वीप (खालून समोरच्याला उलटवणे) आणि नी-ऑन-बेलीचे (पोटावर गुडघा) २, गार्ड पासचे (गार्ड म्हणजे खालच्याने पायांनी अडवणे, ते पाय ओलांडणे म्हणजे पास) ३, माउंट (अंगावर स्वार होणे) आणि बॅकचे (पाठ पकडणे) ४. सामने मात्र यादीबाहेरच्या बारकाव्यांवर हरले जातात. मी नेहमी पाहतो त्या चुका अशा:

- तीन सेकंद. स्थिती पक्की करून तीन सेकंद धरल्याशिवाय गुण नाहीत. पास करून लगेच आर्मबारला (कोपराचा लॉक) उडी मारलीत आणि तो निसटला, तर हातात गुण उरत नाहीत.
- उलटून वर येणे म्हणजे स्वीप नव्हे. स्वीपची सुरुवात गार्ड किंवा हाफ गार्डमधूनच (समोरच्याचा एकच पाय अडकवलेला) व्हायला हवी. माउंटखालून पूल मारून (कंबर उचलून) वर आलात, छान, पण गुण शून्य. आमचा एक पोरगा हरल्यावर अर्धा तास विचारत होता, “सर, मी तर वर आलो होतो ना?” आला होता. साइड कंट्रोलखालून (बाजूने दाबून धरलेला असताना) आला होता.
- चोकमध्ये (गळा आवळणाऱ्या पकडीत) अडकलेला पास. मान गिलोटिनमध्ये (समोरून मानेला लावलेला चोक) असताना पाय ओलांडलेत तरी मान सुटेपर्यंत ते ३ गुण मिळत नाहीत.
- उशिरा गार्डमध्ये बसणे. समोरच्याने पट (पाय) धरल्यावर गार्ड ओढलात तर टेकडाउनचे २ गुण त्याच्या खात्यात. आणि ग्रिप न घेता नुसते खाली बसलात तर दंड.
- ओरडणे. लॉकमध्ये (सांधा मुरडणारी पकड) असताना वेदनेने ‘आई गं’ निघाले तरी ती टॅप (हार मानल्याची खूण) धरतात. रेफ्रीला मराठी येत नसले तरी.

दंडाचा हिशेबही लक्षात ठेवा. पहिल्याला नुसती नोंद, दुसऱ्याला प्रतिस्पर्ध्याला अ‍ॅडव्हान्टेज (गुण बरोबरीत असले की मोजतात ती नोंद), तिसऱ्याला २ गुण, चौथ्याला तुम्ही बाद.

> तपासा: तुमचा वयोगट (वय जन्मवर्षावरून धरतात, वाढदिवसावरून नाही, ज्या वर्षी ३० पूर्ण होतात त्या वर्षापासून मास्टर गट खुला), सामन्याची लांबी (अ‍ॅडल्टमध्ये व्हाइट ५ मिनिटे, ब्लू ६, पर्पल ७, ब्राउन ८, ब्लॅक १०) आणि तुमच्या बेल्टला चालणारे लॉक. नीबार आणि टोहोल्ड (गुडघ्याचा आणि पावलाचा लॉक) ब्राउनच्या आधी नाहीत. मनगटाचा लॉक व्हाइटला नाही. पाहिलेला व्हिडिओ कोणत्या बेल्टचा आणि कोणत्या नियमांचा, हे न बघता शिकलेला हील हूक (टाच पिळणारा लॉक) तुम्हाला गी स्पर्धेत सरळ बाहेर काढेल.

## टप्पा २: वजनाचे गणित उलटे मांडा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कुस्ती किंवा बॉक्सिंगवाल्या मित्राचे ऐकून पोरे आदल्या दिवशी पाणी तोडतात. पण आयबीजेजेएफ पद्धतीत वजन पहिल्या सामन्याच्या जरा आधी होते, गी आणि बेल्टसकट. काट्यावर एकच संधी, शंभर ग्रॅमचीही सूट नाही. काट्यावरून उतरून थेट मॅटवर. मध्ये पाणी भरून काढायला वेळच नसतो, म्हणून पाणी तोडून बसवलेले वजन म्हणजे पहिल्याच सामन्यात गोळे येणारे पाय.

पुरुषांचे गीमधले गट ५७.५, ६४, ७०, ७६, ८२.३, ८८.३, ९४.३ आणि १००.५ किलो, त्यापुढच्या गटाला वरची मर्यादा नाही. स्त्रियांचे ४८.५ पासून सुरू होऊन ५३.५, ५८.५, ६४, ६९ असे चढत जातात. नो-गीचे आकडे याहून कमी असतात, त्यांची सरमिसळ करू नका.

समजा तुम्हाला ७६ मध्ये खेळायचे आहे. गी आणि बेल्ट मिळून १.८ किलो धरा. तुमचा स्वतः मोजा, कापडाप्रमाणे बराच फरक पडतो. उरले ७४.२. सकाळचा नाश्ता आणि पाणी ०.८, उरले ७३.४. काट्याकाट्यातल्या फरकासाठी ०.४ सोडा. म्हणजे त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तुम्ही ७३ असायला हवे. आज आठ आठवडे आधी ७५.५ असाल तर अडीच किलो सात आठवड्यांत काढायचे आहेत, जेवणातल्या दोन-तीन गोष्टी आवरून जमते. आज ७७ किंवा जास्त असाल तर ८२.३ मध्ये नाव द्या आणि पोटभर जेवा. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवावे लागत असेल तर गट चुकलाय. हलक्या गटात जाऊन अर्धमेल्या अवस्थेत खेळण्याचा सोस मला कधी कळला नाही.

घरचा काटा तपासायची साधी युक्ती: आधी स्वतःचे वजन घ्या, मग दहा किलोची सीलबंद तांदळाची पिशवी उचलून परत घ्या. फरक दहाचा नाही आला तर काटा किंवा खालची फरशी, दोघांतले एक वाकडे आहे. बाईंसाठी आणखी एक गोष्ट. पाळीच्या आसपास अंगात पाणी धरून वजन किलोभर वर जाऊ शकते. स्पर्धेची तारीख त्या दिवसांत येत असेल तर ०.४ ऐवजी सव्वा किलोची मोकळीक ठेवा.

> सावधान: पावसाळ्यात नीट न वाळलेला गी शे-दोनशे ग्रॅम सहज जास्त भरतो. वजनाच्या दिवसासाठी एक कोरडा गी वेगळा बांधून ठेवा.

## टप्पा ३: एका पानाचा आराखडा

वीस डाव येतात, सामन्यात लागतात चार. ते चार कोणते हे आवडीवरून ठरवू नका, पुराव्यावरून ठरवा. आठवडाभराचे रोल मोबाईलवर शूट करा, भिंतीला टेकवून ठेवला तरी पुरे. मग वहीत फक्त एवढे लिहा: प्रत्येक रोलमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ कुठे होतो?

आमच्या एका ब्लू बेल्टवाल्याने १४ रोल मोजले. त्यातल्या ९ मध्ये तो खालच्या हाफ गार्डमध्ये होता. आणि तयारी कशाची चालली होती? बेरिम्बोलोची (खालून गोल फिरून पाठ गाठायचा डाव), जो त्या १४ मध्ये एकदाही लागला नव्हता. “काय करून राहिला बे तू?” एवढेच मी म्हणालो. त्याने पुढचे पाच आठवडे हाफ गार्डमधून अंडरहूक (समोरच्याच्या काखेखालून हात) घेऊन वर येणे आणि तिथूनच बॅक घेणे, एवढ्या दोनच गोष्टी केल्या.

पानावर पाच प्रश्नांची उत्तरे हवीत, प्रत्येकी एका ओळीत. उभ्याने माझी पहिली ग्रिप कोणती? मी गार्ड ओढणार की पाडणार? वर असेन तर कोणता पास, आणि तो अडला तर दुसरा कोणता? खाली असेन तर कोणता गार्ड, कोणता स्वीप? दोन गुणांनी मागे असेन आणि एक मिनिट उरले असेल तर काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘जोर लावीन’ असे असेल तर पान अपुरे आहे.

## टप्पा ४: सराव, आठवा ते तिसरा आठवडा

इथे सगळ्यात जास्त दिवस जातात आणि वायाही इथेच जातात. नुसते रोल करत राहिलात तर जे येते तेच पक्के होते. निम्मा वेळ स्थितीवरून सुरू होणाऱ्या सरावाला द्या. पानावरची एक स्थिती घ्या, जोडीदार पूर्ण ताकदीने अडवणार, दोन मिनिटांचा राउंड, सुटला की पुन्हा तिथूनच. वाईट स्थितीही यात घ्या: बॅक गेलेली, माउंटखाली, पास होता होता. आधी सुटका आणि नंतर हल्ला, कारण सुटका येत नसली की माणूस हल्ला करायलाच घाबरतो.

उभ्याने सुरुवात. आपल्याकडचे बरेच हॉल पहिल्या मजल्यावर, मध्ये खांब, एका वेळी सहा जोड्या मॅटवर. म्हणून सगळे गुडघ्यावरून रोल सुरू करतात. सामना गुडघ्यावरून सुरू होत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस एक-एक जोडी उभ्याने सोडा, बाकीच्यांनी भिंतीला बसून तीन सेकंद मोठ्याने मोजावे. मोजणाऱ्यांनाही नियम पाठ होतात.

आखाड्यात जा, पण काय आणायचे ते ठरवून जा. विदर्भात आखाडे आहेत, एकेरी आणि दुहेरी पट काढायला शिकवणारे पैलवान आहेत. पायांची हालचाल, समोरच्याचा तोल ओळखणे, हातांची पकड, हे तिथे महिनाभर शिकलात तर जिऊ-जित्सूवाल्यांसमोर उभ्याने तुमचे पारडे जड राहील. तीन सवयी मात्र आखाड्यातच ठेवून या. पहिली, चीत होऊ नये म्हणून पोटावर वळणे. कुस्तीत त्याने कुस्ती वाचते, इथे बॅक जाते आणि ४ गुणांसह चोक लागतो. दुसरी, पट काढताना डोके खाली घालून मान समोरच्याच्या काखेत देणे. गिलोटिन तिथेच बसलेला असतो. तिसरी, गार्डमध्ये अडकल्यावर उचलून आपटणे, त्याला थेट बाद. पायांत कात्री घालून पाडणेही सगळ्या बेल्टना बंद आहे.

खोटी स्पर्धा. चौथ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी. तुमच्या बेल्टच्या वेळेचे तीन सामने, मध्ये १०-१५ मिनिटे. कोणीतरी रेफ्री, कोणीतरी गुणफलक, आणि हॉलमध्ये आरडाओरडा. एक सामना मुद्दाम ‘दोनने मागे, ९० सेकंद उरले’ इथून सुरू करा. जोडीदार शक्यतो दुसऱ्या अकादमीचा. तिथल्या ओपन मॅटला जाण्याआधी दोन्हीकडच्या सरांना विचारा, नाहीतर उगाच कुजबुज होते.

> तपासा: तिसरा आठवडा संपताना पानावरचा निदान एक स्वीप किंवा पास तुमच्याहून जड जोडीदारावर, तो पूर्ण अडवत असताना, तीनदा लागलेला असावा. नसेल तर पान बदला. अजून वेळ आहे.

## टप्पा ५: ऊन, घाम आणि कातडी

एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून पुढेच असतो. त्या दिवसांत संध्याकाळी सहाला पत्र्याच्या शेडखाली जोरात रोल करण्यापेक्षा पहाटे साडेपाचला या. डेझर्ट कूलर उन्हाळ्यात कामाचा, पण त्याचा झोत सरळ मॅटवर सोडू नका, ओलसर मॅटवर पाय सरकतात. जुलैत तर कूलर नुसती दमट हवा फिरवतो. तेव्हा खिडक्या उघड्या आणि पंखे पुरे.

सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झाले तर साधारण लिटरभर पाणी गेले. ते नुसत्या पाण्याने भरू नका, मीठही गेलेले असते. ताक, आंबील, मीठ घातलेले पन्हे चालेल, किंवा डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेले ओआरएसचे पाकीट, पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खे पाकीट ओतणारे महाभाग आहेत, तसे करू नका. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही असे आजी सांगते. ठेवा हवा तर, पण डोके दुखून घाम थांबला, मळमळले किंवा बोलणे अडखळले तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून पंख्याखाली झोपवा आणि दवाखाना गाठा.

दुसरा शत्रू गजकर्ण. गोल, लाल कडेचा, खाजणारा चट्टा दिसला की मॅट बंद. मेडिकलमधून न विचारता आणलेली मलमे बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेली असतात. दोन दिवसांत लाली उतरते, बरे झाल्यासारखे वाटते आणि आत बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि सांगितलेले सगळे दिवस औषध लावा. अंगावर चट्टा दिसला तर स्पर्धेतही खेळू देत नाहीत, म्हणून ही तपासणी चौथ्या आठवड्यातच.

## टप्पा ६: शेवटचे दहा दिवस

कमी करा. रोल निम्मे, जोर तोच, राउंड छोटे. शेवटचे चार दिवस फक्त पानावरचे ड्रिल, घाम येईल एवढेच. नवा डाव शिकू नका. चार किलोमीटर जास्त धावून आता दम वाढणार नाही, फक्त पाय दुखतील.

> सावधान: या दहा दिवसांत टॅप लवकर. मी एकदा स्पर्धेच्या सहा दिवस आधी, आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच मित्राच्या आर्मबारला ‘सुटेन’ म्हणून टॅप दिली नाही. मग कोपर बांधून प्रेक्षकांत बसलो.

## टप्पा ७: बॅग आणि प्रवास

एक पूर्ण दिवस आधी पोहोचा. गाडीत बारा-पंधरा तास बसून कंबर आखडते. दर दोन तासांनी डब्यातून फेरी मारा. निघायच्या रात्री सावजी नको. पोट बिघडले तर वजन आपोआप उतरेल, पण तुम्हीही उतराल.

गी दोन घ्या, दोन्ही अंगावर चढवून तपासलेले. रंग पांढरा, निळा किंवा काळा. हात समोर सरळ केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर जाऊ नये, पँट घोट्याच्या हाडापासून तितकीच. नवा सुती गी दोनदा धुतल्यावर आटतो, म्हणून दुकानातल्या मापावर विसंबू नका. गाठ मारल्यावर बेल्टची टोके २० ते ३० सेंटिमीटर लोंबावीत. बाईंना आत रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) सक्तीचा. नो-गी असेल तर रॅशगार्डवर तुमच्या बेल्टचा रंग निदान दहा टक्के हवा. याखेरीज ओळखपत्र, नेलकटर, टेप, चपला (अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन परत मॅटवर येणे हा दंडाहून मोठा गुन्हा) आणि केळी.

## टप्पा ८: सामन्याचा दिवस

सामन्याच्या अडीच-तीन तास आधी खा: मऊ भात, पेज, केळी, खजूर, जे रोज पचते ते. तर्री-पोहे परत आल्यावर. पोटातले सगळे काट्यावर दिसते हेही ध्यानात असू द्या, लिटरभर पाणी म्हणजे बरोबर एक किलो.

वॉर्म-अप तासभर आधी करून पुन्हा थंड बसू नका. पुकारा व्हायच्या साधारण वीस मिनिटे आधी घाम फुटेल असे जोडीदाराबरोबर ग्रिप, पट आणि उठबस करा. हात आधी एकदा भरून आले असले की पहिल्या सामन्यात दोन मिनिटांतच दगड होत नाहीत. तरी ग्रिप सतत शंभर टक्के आवळू नका. ओढताना आवळा, थांबला की सैल. वेळापत्रक पुढेमागे होते, म्हणून एक माणूस फक्त पुकाऱ्याकडे कान लावून बसलेला असावा.

कॉर्नरवाल्याने (मॅटच्या कडेला बसून सूचना देणाऱ्याने) तीनच गोष्टी बोलायच्या: वेळ, गुण, एक कृती. “दीड मिनिट. दोनने मागे. ऊठ.” बाकी ‘मार, तोड, दम लगा’ प्रेक्षक सांगतातच. दिल्ली-बंगळुरूत हे सगळे मराठीत बोला, समोरच्याला काही कळत नाही. पुण्यात ती सोय नाही, तिथे आधीच आकडे ठरवून ठेवा: ‘तीन’ म्हणजे अंडरहूक, ‘पाच’ म्हणजे बॅक.

पुढे असाल तर शेवटचे मिनिट नुसते धरून बसू नका. २० सेकंद हालचाल नाही दिसली की रेफ्री दंड देतो, आणि आधीचे दोन दंड असतील तर तिसऱ्याने २ गुण समोरच्याला जातात. दोन सामन्यांच्या मध्ये निदान एका सामन्याइतकी विश्रांती मिळते. त्यात बसून राहू नका, चालत राहा, घोट-घोट प्या.

सामना संपला की मोबाईल उघडण्याआधी पानाच्या मागच्या बाजूला लिहा: गुण कुठे गेले, कोणत्या मिनिटाला, पानावरचे काय लागले. दुसऱ्या दिवशी आठवते ते खोटे असते.

अंघोळ साबणाने, त्याच दिवशी. ओला गी कापडी पिशवीत घाला, प्लास्टिकमध्ये कोंडू नका, आणि परतीच्या एसी डब्यात वरच्या बर्थच्या दांडीवर वाळत तर मुळीच टाकू नका. मी टाकला होता. समोरच्या काकूंनी बडनेऱ्यापर्यंत नाकाला पदर लावला आणि वर्धा आल्यावर विचारले, “बाळा, घरी कोणी आजारी आहे का?”